टीएमसी आणि क्युसेक डोक्यात बसतच नाही, कोणी समजावेल का?

नदीकाठचा:
दर पावसाळ्यात तेच, खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकने विसर्ग, कोयना ८० टीएमसीवर, सगळे फॉरवर्ड करतात म्हणून मी पण करतो, पण खरं सांगायचं तर १ टीएमसी काय नि १० टीएमसी काय, मला दोन्ही ‘लय पाणी’ एवढंच कळतं. १०० कोटी घनफूट हे गुगलवर वाचलं, पण १०० कोटी म्हणजे तरी काय डोंबल कळणार? डोळ्यासमोर येईल असं सांगा ना कोणीतरी.

पाटकरी:
हजार फूट लांब, हजार फूट रुंद, हजार फूट उंच असा खोका काठोकाठ भरला की १ टीएमसी. लिटरमध्ये २,८३१ कोटी. शेती असेल तर २३ हजार एकरात फूटभर पाणी उभं आहे असं समजा.

झेडब्रिज_कट्टा:
खोक्याने माझा उलट घोळ झाला. कोयना १०५ टीएमसी, पण तेवढ्या पाण्याचा एकच खोका केला तर बाजू पाचपट पण होत नाही, ४,७०० फूट फक्त!! त्यापेक्षा टँकर बरा, १० हजार लिटरचा धरला तर १ टीएमसीला २८ लाख टँकर. आता २८ लाख टँकर तरी कोणी बघितलेत म्हणा 😀

पाटकरी:
बरोबर, म्हणून चित्र सोडा आणि दिवसाने भागा. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. ११,५७४ क्युसेक चोवीस तास चालू राहिले की १ टीएमसी गेलं, हा एकच आकडा पाठ करा. ३५ हजार म्हणजे दिवसाला ३ टीएमसी, आणि खडकवासला स्वतः जेमतेम २ टीएमसीचं!! पानशेत, वरसगाव, टेमघर धरून चौघांचं मिळून २९. वरची भरलेली असताना घाटात जोराचा पाऊस झाला की खडकवासल्यात साठवायला जागाच नसते, मग रात्री-अपरात्री सोडावंच लागतं. लोक म्हणतात पाणी वाया घालवलं, अरे ठेवणार कुठे?

सांगलीकर_८२:
आणि आम्ही कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचे आकडे बघत बसतो. तिथून ३ लाख क्युसेक सोडलं तर तुमच्या हिशोबाने दिवसाला २६ टीएमसी, म्हणजे पुण्याची चारही धरणं जवळपास एका दिवसात रिकामी. हे आत्ता भागल्यावर कळलं, इतकी वर्षं ३ लाख आणि ३५ हजार दोन्ही नुसतेच ‘पूर’ होते.

पेठेतली:
पिण्याचं पण सांगते, माणशी १३५ लिटर धरले तर ५० लाख लोकांना १ टीएमसी ४२ दिवस पुरतं. गळती आणि गाड्या धुणारे वेगळे.

नदीकाठचा:
हे भारी आहे, धन्यवाद सगळ्यांना. सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी ‘३५ हजार टीएमसी सोडले, काळजी घ्या’ टाकलंय आणि खाली सगळ्यांनी हात जोडलेत. भागून बघितलं, ३३३ कोयना होतात.