मदत हवी आहे: १६ तास उपाशी राहून आयुष्य खरंच वाढतं का? आणि बाबांना काय सांगू?

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज अडलंय म्हणून धागा काढतेय.

माझं वय ४६. आठ महिन्यांपासून १६:८ करतेय. दुपारी १२ ते रात्री ८ एवढ्याच वेळात खायचं, बाकी वेळ पाणी आणि बिनसाखरेची काळी कॉफी. वजन ७९ वरून ७३ वर आलं, उपाशीपोटीची साखर ११२ होती ती १०१ झाली. पहिले पंधरा दिवस डोकं ठणकायचं आणि मी सगळ्यांवर खेकसायचे (घरचे त्या पंधरवड्याबद्दल अजून बोलतात). आता सकाळी भूक लागतच नाही.

गोची पुढे आहे. माझं बघून, आणि त्याहून जास्त व्हिडिओ बघून, आमचे बाबा आता 'दीर्घायुष्यासाठी' हेच करायचं म्हणून हटून बसलेत. वय ७१, मधुमेह, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू, शिवाय रक्तदाबाची एक गोळी. "उपाशी राहिलं की पेशी आतला कचरा साफ करतात, त्याला नोबेल मिळालंय" हे त्यांचं ब्रह्मास्त्र.

नोबेलचं खरं आहे. २०१६ साली योशिनोरी ओसुमींना मिळालं. पण त्यांचं मूळ काम यीस्टवरचं: पेशी स्वतःचेच जुने भाग मोडून पुन्हा कसे वापरतात, त्याला कोणती जनुकं लागतात. माणसाने नाश्ता सोडला तर कितव्या तासाला कुठल्या अवयवात ही साफसफाई किती वाढते, हे त्यात नाही. एवढं सांगितलं तर म्हणाले, "तू नोबेल समितीवर आहेस का?"

मग मीच वाचत बसले आणि जास्तच गोंधळले. कमी खाणारे उंदीर जास्त जगतात हे १९३५ पासून माहीत आहे. २०२२ च्या एका प्रयोगात उंदरांना ३० टक्के कमी खायला दिलं. तेच खाणं दिवसरात्र विभागून दिलं तर आयुष्य १० टक्क्यांच्या आसपास वाढलं. उंदीर जागे असतात त्या वेळात, म्हणजे फक्त रात्री दिलं तर ३५ टक्क्यांच्या आसपास. वेळेला महत्त्व आहे म्हणायचं, पण खाणं सगळ्यांचंच कमी केलेलं होतं! माकडांवर दोन मोठे प्रयोग झाले. एकात कमी खाणारी जास्त जगली, दुसऱ्यात फारसा फरक पडला नाही.

माणसांचं आणखी वेगळं. २०२० च्या एका चाचणीत ११६ जणांपैकी निम्म्यांनी १२ आठवडे अगदी माझ्याच वेळा पाळल्या. वजन सरासरी एक किलोसुद्धा उतरलं नाही, आणि दिवसात तीनदा जेवणाऱ्यांच्या तुलनेत म्हणण्यासारखा फरकही नाही. २०२२ मध्ये १३९ लठ्ठ लोकांवर वर्षभर चाचणी झाली. सगळ्यांना मोजून कमी खायला सांगितलं, निम्म्यांना वर ८ तासांची अट. अटवाल्यांचं ८ किलो उतरलं, बिनअटवाल्यांचं ६.३, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही.

म्हणजे माझे सहा किलो घड्याळामुळे गेले की रात्री टीव्हीसमोरचं चरणं बंद झाल्यामुळे? मला दुसरं कारणच खरं वाटतंय. पण माझं एक वेळ जाऊ दे. बाबांना हे करू द्यावं का, आणि नाही म्हणायचं तर कसं, हा खरा प्रश्न. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

निशाचर
'टीव्हीसमोरचं चरणं' ला +१. माझाही तोच शोध, फक्त मला दोन वर्षं लागली.

स्टेथोधारी
ताई, दीर्घायुष्य बाजूला ठेवा, आधी ग्लिमेपिराइडकडे बघा. ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवला आहात की नाही हे ती विचारत नाही. सकाळी गोळी आणि दुपारपर्यंत पोट रिकामं, ही साखर ७० च्या खाली जाण्याची सरळ वाट आहे. घाम, थरथर, धडधड ही नेहमीची लक्षणं. वयस्कर माणसात कधी कधी नुसतं गोंधळल्यासारखं वागणं दिसतं आणि घरच्यांना वाटतं, वयामुळे असेल. एकट्या मेटफॉर्मिनने हे सहसा होत नाही.

रक्तदाबाची गोळी कोणती? बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारी) असेल तर धडधड आणि थरथर झाकली जाते, म्हणजे इशाराच मिळत नाही. लघवी वाढवणारी असेल तर उपाशीपोटी चक्कर. गोळ्या मनाने बंद मात्र करू नका, तेही लोक करतात. त्यांच्या डॉक्टरांना विचारून डोस आणि वेळ बदलल्याशिवाय सुरुवात नको.

गणितवेडा
मार्च २०२४ ची बातमी दाखवा त्यांना. ८ तासांत खाणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने मृत्यूचा धोका ९१ टक्के जास्त!

स्टेथोधारी
@गणितवेडा, नको. त्यात लोकांना फक्त दोन दिवसांचं खाणं विचारलं होतं आणि पुढची अनेक वर्षं ते तसंच खात असतील असं धरलं. आजारामुळे ज्यांचं खाणं आधीच कमी झालंय तेही त्यात आले असतील. व्हिडिओने घाबरवणं आणि बातमीने घाबरवणं, फरक काय?

पहाटपक्षी
वजन न उतरताही फायदा दाखवणारी एक चाचणी आहे, २०१८ ची. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे पुरुष, पाच आठवडे, दिवसाचं शेवटचं खाणं दुपारी ३ च्या आत. इन्शुलिनला प्रतिसाद सुधारला, रक्तदाब उतरला. पण माणसं फक्त आठ! आणि वेळ सकाळची, तुमच्या बरोबर उलटी. मी सकाळी लवकर खाऊन दुपारी आटपायचं करून पाहिलं, तीन आठवडे टिकलं. संध्याकाळी सगळं घर जेवत असताना आपण पाण्याचा पेला धरून बसायचं, हे जमणाऱ्याला साष्टांग दंडवत.

अवांतर: ७१ व्या वर्षी मला वजनापेक्षा स्नायूंची काळजी वाटली असती. ताईंनी सांगितलेल्या २०२० च्या चाचणीतच, जे वजन उतरलं त्यात स्नायूंचा वाटा बराच होता असं आलंय.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. @स्टेथोधारी, गोळी बघितली: मेटोप्रोलॉल. म्हणजे तुम्ही म्हणता तो बीटा ब्लॉकरच. हे वाचून पोटात गोळा आला, कारण मागच्या आठवड्यात त्यांनी मला न सांगता दोन दिवस नाश्ता टाळला होता, आणि त्यातल्या एका दिवशी ते पेपर हातात घेऊन नुसतेच बसून होते. आम्हाला वाटलं झोप नीट झाली नसेल. त्या वेळी साखर तपासली नाही, त्यामुळे आता काहीच सांगता येत नाही.

गुरुवारी डॉक्टरांची वेळ घेतलीये. तोवर नाश्ता सोडायचा नाही, हे कसंबसं कबूल करून घेतलं. "मग निदान १२ तास तरी?" म्हणून घासाघीस सुरू होती. रात्री साडेसातला जेवतात आणि सकाळी साडेसातला नाश्ता, म्हटलं बाबा, ते तर तुम्ही आत्ताच करताय. यावर त्यांनी बोटांवर दोनदा हिशोब केला.

ग्लुकोमीटर आजच आणलाय. गुरुवारपर्यंत दिवसातून कुठल्या कुठल्या वेळी तपासून लिहून ठेवू, म्हणजे डॉक्टरांना उपयोग होईल?