राज्यपालपद आणि खानदेश: नावांच्या यादीपलीकडे काय सांगावं?

धुळेकर_अभ्यासू
राम राम मंडळी. गावच्या वाचनालयात मला राज्यपालपदाच्या इतिहासावर बोलायचंय. पुस्तकांत सापडतं ते एवढंच: 1819 मध्ये एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला, 1948 मध्ये राजा महाराज सिंह हे पहिले भारतीय, 1 मे 1960 ला श्रीप्रकाश महाराष्ट्राचे पहिले राज्यपाल. ऐकायला येणार शेतकरी माणसं. मलबार हिलवरच्या राज्यपालांच्या बंगल्याशी आपला काय संबंध, असं कोणी विचारलं तर काय सांगू?

जळगाव_चौफुली
प्रतिभाताईंपासून सुरुवात करा भाऊ. आपल्या जिल्ह्यातल्या, 2004 मध्ये राजस्थानच्या पहिल्या महिला राज्यपाल झाल्या आणि तिथूनच 2007 ला राष्ट्रपती भवनात गेल्या. शिवाय आपल्या बहिणाबाई विद्यापीठाचे कुलपती राज्यपालच असतात.

सातपुडा_दप्तर
प्रतिभाताईंचा अभिमान मलाही आहे, पण शेतकऱ्यांपुढे बोलायचं तर सातपुड्याकडे वळा. मी महसुलात अव्वल कारकून होतो, नोकरी बहुतेक तळोदा-अक्कलकुव्याकडे झाली. तिथे राज्यपालांचं नाव कागदोपत्री रोजच्या कामात येतं.

1818 ला खानदेश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन ब्रिग्ज धुळ्यात येऊन बसला. डोंगरातले भिल्ल काही ऐकेनात. फौजा पाठवूनही भागलं नाही, तेव्हा एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना, 1825 मध्ये, औट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभारायला घेतली. तिचं ठाणं धरणगावला होतं. मैदानी मुलखाचा कारभार डोंगरात जसाच्या तसा चालत नाही, हे तेव्हाच सरकारला कळलं.

पुढे 1874 चा अनुसूचित जिल्हे कायदा आला. त्याच्या यादीत आपले मेवाशी, म्हणजे सातपुड्यातले भिल्ल सरदार, आणि त्यांची गावं नावानिशी आहेत: काठी, नाला, सिंगपूर, गव्हाळी, चिखली, नवलपूर. काठीची होळी सगळ्यांना ठाऊक आहे, ही यादी कोणी सांगत नाही! या गावांत कोणता कायदा लागू, कोणता नाही, हे मुंबई सरकार, म्हणजे गव्हर्नर आणि त्याचं कौन्सिल, वरून मंजुरी घेऊन अधिसूचनेने ठरवी. त्यात भिल्लांचं भलं कमी आणि सरकारची सोय जास्त होती, असं माझं ठाम मत आहे.

1935 च्या कायद्यानंतर नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, अक्राणी हा भाग 'अंशतः वगळलेला', म्हणजे कायदे आपोआप लागू होणार नाहीत असा, ठरला आणि तोही गव्हर्नरच्या खास अखत्यारीत राहिला. 1950 ला संविधानाच्या पाचव्या अनुसूचीने तोच अधिकार राज्यपालांना दिला, पण हेतू पालटून. आता तो आदिवासींच्या रक्षणासाठी आहे. संसदेचा किंवा विधिमंडळाचा एखादा कायदा अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आदिवासींचा म्हणून जाहीर झालेल्या भागात, लागू करू नये, किंवा बदल करून लागू करावा, असं राज्यपाल अधिसूचना काढून सांगू शकतात. जमीन हस्तांतर आणि सावकारी यांवर विनियमही करू शकतात, त्याला राष्ट्रपतींची संमती लागते. आपल्याकडे साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर इथलीही गावं या क्षेत्रात येतात.

धुळेकर_अभ्यासू
आबा, हे कुठेच वाचलं नव्हतं. पण हा अधिकार खरंच वापरला जातो का?

सातपुडा_दप्तर
वापरला जातो. 2014 मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेमुळेच तलाठी, शिक्षक, ग्रामसेवक अशा पदांवर अनुसूचित क्षेत्रात स्थानिक आदिवासींना हक्क मिळाला.

दुसरं वनदाव्यांचं, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या वनजमिनीवरच्या हक्काच्या दाव्यांचं. दाव्याची फाइल म्हणजे जुनी वहिवाट दाखवायला फॉरेस्टने आजोबाला केलेल्या दंडाची पिवळी पडलेली पावती, पंचनामा, गावातल्या म्हाताऱ्यांचे अंगठ्याचे जबाब. वनहक्क कायद्यानुसार जिल्हास्तरीय समितीने दावा फेटाळला की तो निकाल अंतिम. मे 2020 मध्ये राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीखाली त्या कलमात बदल केला आणि विभागीय समितीकडे अपिलाची सोय झाली. म्हणजे धडगावच्या माणसाला नाशिकला दाद मागता येऊ लागली. नाशिक लांब आहे, भाडं परवडत नाही, हेही खरं. पण आधी ती वाटही नव्हती.

शहादेकर_ताई
अनुसूचित क्षेत्राच्या कारभाराचा अहवाल राज्यपालांनी दरवर्षी राष्ट्रपतींना द्यायचा असतो, तेही त्याच अनुसूचीत आहे. तो आपल्या तालुक्यांत मराठीत वाचायला मिळायला हवा. भाऊ, तुमच्या भाषणात ही मागणी नक्की घ्या.