मरणाच्या पदाला लोक हसले, चूक कुणाची?

पेटीवाला, कुडाळ:
मंडळी, मदत हवी. आमच्या गावच्या जत्रेत आम्ही हौशी लोक दशावतार करतो. गेल्या साली राजाच्या मरणाचं पद मी लिहिलं, चालही माझीच. ओळ होती 'उरी गाढ वेदना'. तालमीत काहीच खटकलं नाही. प्रयोगात रात्री अडीचला राजा बाण लागून पडला, गायला लागला, आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर, 'वे' आली. तिथेच त्याचा दम संपला. ऐकू आलं ते असं: 'उरी गाढवेऽऽ', मग श्वास, मग 'दना'. पुढे बसलेलं एक पोर फिसकन हसलं, मग देवळाचं अख्खं पटांगण. ध्रुवपदच ते, त्यामुळे गाढवं आणखी तीनदा आली. राणी राजाच्या छातीवर डोकं ठेवून रडत होती. म्हणजे लोकांना तसं वाटलं. पेटीमागून मला तिचे खांदे दिसत होते, ती हसत होती.
यंदाही तेच पद आहे. शब्द बदलू, चाल बदलू की राजा?

मृदंग्या, वेंगुर्ला:
शब्द सोड रे. मरणारो माणूस येवढी तान मारता खंय? बाण छातीत आणि तान तीन आवर्तनांची! गाढवां निस्ती निमित्ताक. आणि खरां सांग, तुमच्या मृदंगवाल्यान शेवटाक लग्गी, म्हंजे ती जलद नाचरी वाजवणी, लावल्यान ना? आमका भजनाच्या गजराची सवय, हात रवणत नाय. मी एकदा हरिश्चंद्राच्या स्मशानात अशी लग्गी लावलंय, तारामती मान डोलवूक लागली.

देवगडची सून:
लग्गीचं पटलं, तानेचं नाही. मरताना माणूस गात नाही हे कुणाला ठाऊक नाही? १८८० साली किर्लोस्करांचं शाकुंतल हे संगीत नाटक आलं, तेव्हापासून आपण गात गात रडणारी पात्रं बघतोय. आमच्या गावात सीता व्हायचा तो सकाळी बांगडे विकायचा. समोर त्याचीच गिऱ्हाइकं. तरी लक्ष्मण सीतेला वनात सोडून निघाला की सासूबाईंचा पदर डोळ्यांना. जे खोटं पहिल्यापासून मान्य केलेलं असतं त्याला कोण हसतं? न सांगता मधेच घुसतं ते हसवतं, तुमच्या गाढवांसारखं. त्यात सगळे गप्प, गंभीर. मयताच्या घरी कुणाला उचकी लागली तरी हसू दाबताना जीव जातो, तसंच हे.

पेटीवाला, कुडाळ:
काल तालीम झाली. 'गाढ' काढून 'खोल' घातलं, सम 'ना'वर नेली. तान दीड आवर्तनाची केली, तीही राजाशी भांडून. मृदंगवाल्याला लग्गी नको म्हटलं, तो रुसून चहा न घेता गेला. पद सरळ झालं, बघायला आलेली चार-पाच माणसं गप्प बसून होती. फक्त राणीचं काम करणारा म्हणाला, "दादा, माझ्या कानात अजून गाढवंच येतायत." त्याला यंदा प्रेक्षकांकडे पाठ करून रडायला सांगितलंय.