धूर 'पलीकडून' आला म्हटलं की विषय संपला?

वातकुक्कुट
काल धूरकट यांनी लिहिलं, "हायस्प्लिट हे हवेच्या प्रवासाचं संगणक मॉडेल चालवून उलटा माग काढला. हवा सीमेपलीकडून आली. विषय संपला." संपला कसा? असा उलटा माग, म्हणजे बॅक ट्रॅजेक्टरी, हवेचा रस्ता दाखवते. वाटेत तिच्यात कुणी काय सोडलं, हे तिला काय ठाऊक! रेषा शेतांवरून गेली म्हणून शेतकरी दोषी, आणि तीच रेषा वीजकेंद्रावरून गेली ते कुणी बोलायचं नाही. कुणाचा किती वाटा ते काढायचंय तर रसायनांसकट मॉडेल चालवा, एकेक स्रोत बंद करून फरक बघा. त्यातही अमोनिया आणि नायट्रिक आम्ल हवेतच एकत्र येऊन कण बनतात. एक निम्मं केलं म्हणून कण निम्मे होत नाहीत.

धूरकट
मग काय, नाकानं हुंगायचं? सीएफसी-11 या ओझोनमारक, बंदी असलेल्या वायूची चोरटी निर्मिती कुठे चालते, ते 2019 मध्ये असंच उघडं पडलं. कोरिया-जपानच्या केंद्रांवरच्या नोंदी मॉडेलात घातल्या, बोट पूर्व चीनवर गेलं.

वातकुक्कुट
तो वायू हवेत पन्नासेक वर्षं जसाच्या तसा राहतो हो. पीएम 2.5, म्हणजे हवेतले बारीक कण, आठवडाभरही धड टिकत नाहीत. कशाची तुलना कशाशी!

निवृत्त_कारकून
मॉडेलात जातं काय ते मला विचारा. कुठून किती धूर निघतो त्या इन्व्हेंटरीचे तक्ते मी भरलेत. मागच्या वर्षीचा कागद, फक्त तारीख बदललेली. एक चिमणी पाडून दोन वर्षं झाली होती, आमच्या तक्त्यात ती धूर ओकतच होती. आणि 2015 ची फोक्सवागनची भानगड विसरलात? प्रयोगशाळेत गाडी स्वच्छ, रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड कित्येक पट.

गच्चीवाला
म्हणून मी मॉडेल मानतच नाही. माझा बाल्कनीतला सेन्सर रोज पहाटे 300 दाखवतो. ट्रक! दुसरं काही नाही.

वातकुक्कुट
पहाटे हवा दमट असते. स्वस्तातला सेन्सर फुगलेल्या कणांना आणि धुक्याच्या थेंबांनाही धूळच समजतो.

गच्चीवाला
माझ्या आईला दमा आहे. तिला सांगा, थेंब आहेत म्हणून.

धूरकट
आईंबद्दल कोण बोललं? सेन्सर टांगलाय कुठे ते सांगा.

गच्चीवाला
तुम्ही ट्रकवाल्यांचे कोण लागता?

धूरकट
कुणी नाही! कारकूनसाहेब, ती पाडलेली चिमणी शेवटी सापडली कशी?

निवृत्त_कारकून
मॉडेलवाल्या पोराचा फोन आला. "वारा तिकडचा असला तरी मोजमापात गंधक दिसत नाही, असं कसं?" आधी मी त्यालाच झापलं. मग जाऊन पाहिलं.

धूरकट
ऐकलंत? मॉडेल खोटं ठरलं म्हणूनच तक्त्यातली चूक कळली. बाकी नुसत्या ट्रॅजेक्टरीवर निकाल द्यायला नको होता, हेही घ्या. पेढे वाटा.

वातकुक्कुट
वाटतो. आधी 'विषय संपला' खोडा.

गच्चीवाला
सेन्सर न्हाणीघराच्या झरोक्याखाली होता. हलवला. आता 140. झालं समाधान? ट्रक तरीही जातातच.