कोजागरीला पिकअप घेऊन डोंगरावर मुक्काम करायचाय, सल्ला द्या

रोपवाला_शिवणे:
नमस्कार मंडळी. आमची रोपवाटिका आहे, त्यामुळे घरी बोलेरो पिकअप आहे. गेल्या वर्षी कोजागरीला ती घेऊन बोपदेव घाटापलीकडे, गराड्याच्या वरच्या अंगाला ओळखीच्या शेतकऱ्याच्या डोंगरावर गेलो होतो. अगदी माथ्यावर गाडी लावली, हौद्यात गाद्या घातल्या, वरून ताडपत्री. साडेअकरापर्यंत टिपूर चांदणं होतं. मुलं दूध पिऊन झोपली. एकच्या सुमाराला वारा सुटला, ताडपत्रीचा कोपरा निसटून फडफडायला लागला आणि दहा मिनिटांत विजांसकट पाऊस. गाद्या भिजल्या, मुलगा रडायला लागला. ओल्या मातीतून गाडी खाली आणताना मागचं चाक दोनदा घसरलं. ते अजून आठवतं.

तरी यंदा मुलांनीच हट्ट धरलाय. पुन्हा जायचं, पण नीट तयारीनं. माणसं पाच: आम्ही दोघं, मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात, वडील अडुसष्ट. जागा तीच, मालकाची परवानगी आहे.

ताडपत्री कशी बांधावी? विजा सुरू झाल्या तर हौद्यात बसून राहिलं तर चालेल का? रबरी टायर असतात म्हणून गाडीत धोका नसतो असं ऐकलंय. आणि जायचं की नाही हे किती आधी ठरवावं?

पाबे_घाटवाला:
पाबे घाटात या की. वरून राजगड-तोरणा दोन्ही दिसतात. रस्ता डांबरी, चिखलाचा प्रश्न नाही.

पुरंदरचा_भाचा:
घाटरस्त्याच्या कडेला मुलांना घेऊन झोपणं मला पटत नाही. वळणावर दिवे मारत येणाऱ्या गाडीला तुमची गाडी उभी आहे हे ऐनवेळी कळतं, आणि पावसात वरून दगड येतात. ओळखीची खाजगी जागा आहे तीच उत्तम. फक्त गावच्या पोलीस पाटलांच्या कानावर घालून ठेवा. रात्री डोंगरावर दिवे दिसले की गावात चौकशी होतेच.

आता मुख्य मुद्दा. दादा, दूध माथ्यावर प्या, झोपायला खाली या. अगदी माथ्यावरच्या मोकळ्या जागेत सगळ्यात उंच वस्तू तुमची गाडी असते. वाराही तिथेच सगळ्यात जास्त. माथ्यापासून वीस-पंचवीस मीटर खाली, वाऱ्याच्या आडोशाला पायरीसारखी सपाटी असते, ती दिवसाउजेडी शोधा. एकट्या झाडाखाली नको, ओढ्याच्या वाटेत नको.

जमीन पायानं नाही, हातानं बघा. मूठभर ओली माती दाबायची. गोळा होऊन बोटांना चिकटली तर ती काळी माती, पावसात फुगते आणि चाक धरून ठेवते. मुरूम किंवा उघडा कातळ असेल तिथेच गाडी लावा. आणि केवळ उभी राहण्याची जागा बघू नका, तिथपासून पक्क्या रस्त्यापर्यंतची सगळी वाट चालून बघा. तुमचं चाक घसरलं ते बहुतेक मध्ये कुठेतरी पन्नास पावलं काळी माती असल्यामुळे. शिवाय पिकअपला जोर मागच्या चाकांचा, आणि हौदा रिकामा असला की त्या चाकांवर वजनच नसतं. तुमच्याकडे कुंड्यांच्या मातीची पोती असणारच. चार-पाच पोती मागच्या चाकांच्या वर, हौद्याच्या कडेला लावा. रात्री वाऱ्याच्या बाजूला आडोसाही होईल.

गाडी उभी करतानाच तोंड उतरायच्या वाटेकडे. हँडब्रेक, पहिला गिअर, आणि चाकाला लाकडी ठोकळे. ठोकळे घरून न्या. अंधारात दगड उचलायला जाऊ नका, आपल्याकडे दगडाखाली फुरसं असतं. १०८ वर फोन लागतो का ते रेंजसकट तपासून ठेवा.

हवामानाचं सांगतो. जून ते सप्टेंबर ढग पश्चिमेकडून येतात, म्हणून आपली नजर सवयीनं सिंहगडाच्या बाजूला जाते. परतीच्या पावसात बरेचदा उलटं असतं. दिवसभर तापलं की दुपारनंतर पूर्वेला, जेजुरी-दौंडच्या अंगाला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग चढायला लागतात आणि संध्याकाळी किंवा रात्री इकडे सरकतात. चांदण्यात ते कळत नाहीत, पण क्षितिजाशी लकाकतं. पावसाआधी जो गार वारा सुटला तो ढगातून खाली कोसळणाऱ्या थंड हवेचा झोत. तो आला की हातात पाच-दहा मिनिटं असतात, जास्त नाही. गेल्या वर्षी तुम्हाला तेवढीच मिळाली.

आठवडाभर आधीच्या अंदाजावर मुलांना शब्द देऊ नका. आदल्या दिवशी हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा बघा, आणि निघताना त्यांचा पुढच्या तीन तासांचा अंदाज. पिवळा इशारा असेल तर मी तरी मुलांना घेऊन मुक्काम करणार नाही. दूध पिऊन दहाला परत.

पाषाणची_मीरा:
विजेबद्दल लिहिते, कारण टायरची समजूत फार पसरली आहे आणि ती चुकीची आहे. आकाशातून काही किलोमीटर हवा फोडून आलेल्या विजेला चार इंच रबराचं काय? बंद गाडीत माणूस वाचतो तो तिच्या धातूच्या कवचामुळे. वीज पत्र्यावरून बाहेरच्या बाहेर जमिनीत जाते. ताडपत्रीच्या हौद्याला असं कवच नाही. उलट तुम्ही आधाराला लोखंडी पाइप उभे केलेत तर ते डोक्यावर येतात. विजा सुरू असताना हौद्यात कुणीही थांबायचं नाही.

केबिनमध्ये पाच जण बसणार नाहीत. म्हणून माझा आग्रह असा की पत्र्याच्या टपाची एक कार बरोबर न्या. दोघं-तिघं केबिनमध्ये, उरलेले कारमध्ये, काचा बंद, धातूला हात नाही.

मोजायचं कसं, तर चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, लगेच गाडीत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. मुलांना हे मोजायला शिकवा, भीती कमी होते. आमच्या पाषाणच्याच आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे, जवळपास विजा पडत असतील तर दाखवतं. पण वर रेंज गेली की ॲप गेलं. कान आणि घड्याळ राहतात.

आणि एक विचारते, रागावू नका. गेल्या वर्षी पाच जण गेलात कसे?

रोपवाला_शिवणे:
मीराताई, रागवायचं काय. वडील आणि मुलगी हौद्यात बसले होते.

पाषाणची_मीरा:
पुन्हा नको. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं बसवून नेणं कायद्यात बसत नाही, आणि बोपदेवच्या वळणांवर धरायला काही नसतं. कार नेलीत की हाही प्रश्न सुटतो.

दोर_आणि_फाळका:
वाहतुकीच्या धंद्यात बावीस वर्षं आहे, ताडपत्रीवर मी बोलतो. सगळे ती सपाट ताणतात, तिथेच घोळ होतो. तुमचा हौदा धरा साडेआठ बाय साडेपाच फूट. त्यावर एक सेंटीमीटर पाऊस पडला की चाळीस लिटरच्या वर पाणी होतं. सपाट ताडपत्रीत ते मध्ये साचतं, पोट येतं, मग कोपऱ्याची कडी फाटते. मध्ये लांबीला एक बांबू उंच घ्या, दोन्हीकडे उतार द्या, घराच्या छपरासारखा. ताडपत्री फाळक्यांच्या, म्हणजे हौद्याच्या बाजूच्या झडपांच्या, बाहेरून हातभर खाली येऊ दे, नाहीतर पाणी फाळक्यावरून आत ओघळतं. दोर हौद्याच्या खालच्या हुकांनाच बांधा, जमिनीत खुंट्या ठोकून नको. वाऱ्याकडची बाजू पूर्ण खाली, आडोशाची बाजू वीतभर उघडी. ती उघडी हवीच. पाच माणसांच्या श्वासाची वाफ ताडपत्रीला आतून लागून पहाटे अंगावर ठिबकते, आणि लोक समजतात ताडपत्री गळकी आहे.

कडीत थेट दोर न बांधता मध्ये जुन्या ट्यूबची रबरी पट्टी घाला. वाऱ्याचा हिसका पट्टी खाते, कडी टिकते. दोर रविवार पेठेत बोहरी आळीत चांगला मिळतो. नायलॉनचा गुळगुळीत घेऊ नका, ओला झाला की गाठ सुटते.

सुमनताई_सासवड:
इकडे कोजागरीच्या सुमाराला पहाटे चांगलं गार लागतं. पुण्यापेक्षा उंचावर दोन-तीन अंश कमी असतातच, वर वारा. पत्र्याचा हौदा खालून गार पडतो, तेव्हा आधी पुठ्ठे किंवा पोती, मग सतरंजी, मग गादी. वडिलांना घोंगडी द्या, दमट हवेत रजईपेक्षा ती बरी. त्यांची झोपायची सोय कारमध्येच करा, रात्री उठावं लागलं तर फाळक्यावरून उतरणं नको.

दूध घरून आटवून, केशर-वेलची घालून न्या, वर फक्त गरम करायचं. शेगडी गाडीपासून लांब, उघड्यावर. पाऊस आला म्हणून ती ताडपत्रीखाली घेऊ नका, आणि ऊब हवी म्हणून निखारे तर मुळीच नकोत. त्या धुराचा विषारी वायू वासाला लागत नाही, माणूस झोपेतच जातो. दूध गार प्यावं लागलं तर गार प्या.

रोपवाला_शिवणे:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल जाऊन आलो, म्हणून लिहितोय. मेहुण्याची कार बरोबर घेतली. दुपारी चारला पोचून वाट चालून बघितली. खरंच मध्ये साठेक पावलं काळी माती होती, मालकानं बांधाकडून मुरमाची दुसरी वाट दाखवली. माथ्याखाली कातळावर गाडी लावली.

पावणेदहाला पूर्वेकडे लकाकायला लागलं. मुलीनं मोजायला सुरुवात केली: पन्नास, बेचाळीस, मग अठ्ठावीस. दूध शेगडीवर होतं, ते तसंच विझवून सगळे गाड्यांमध्ये. पाऊण तास बसलो. पाऊस आला तो दहा मिनिटं, पण वारा जोराचा होता. ताडपत्री जागची हलली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास मुलीनंच घड्याळ लावून मोजला, कुणाला दार उघडू दिलं नाही. साडेअकराला चंद्र पुन्हा बाहेर आला, तेव्हा दूध गरम करून प्यायलो. माथ्यावर गेलोच नाही, मुलांनी विचारलंही नाही. वडील कारमध्ये सहापर्यंत झोपले.

फाळकादादा, दोन कड्यांना रबरी पट्टी लावायची राहिली होती, नेमक्या त्याच दोन ताणून वाकल्या आहेत. ताडपत्री आता अंगणात वाळत घातलीय.