गुण वाढत असूनही पुतण्या खिन्न का?

प्रश्न (चोपडा): पुतण्या जळगावच्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. सराव चाचण्यांत त्याचे गुण वाढत आहेत, तरी तो उदास असतो. ध्येयाने उमेद वाढायला हवी ना?

उत्तर (धुळे): भाऊ, कार्व्हर आणि शायर या मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये मांडले की आनंद किंवा खिन्नता ध्येय किती दूर आहे यापेक्षा, आपण अपेक्षित वेगाने त्याच्याकडे सरकत आहोत का, यावर अधिक ठरते. म्हणजे गुण वाढत असले, तरी त्याने मनाशी धरलेला वेग त्याहून मोठा असेल, तर त्याला ती पीछेहाटच वाटणार. (त्यातून गावाकडचे प्रत्येक फोनवर ‘निकाल कधी?’ विचारतात, ते वेगळेच.)

उत्तर (शहादा): लॉक आणि लॅथम या मानसशास्त्रज्ञांच्या संशोधनानुसार ‘जमेल तेवढे कर’ असे सांगण्यापेक्षा नेमके व अवघड ध्येय कामगिरी उंचावते, मात्र त्यासाठी क्षमता, बांधिलकी आणि प्रगतीची माहिती लागते, आणि विषय नवा व गुंतागुंतीचा असेल तर गुणांऐवजी शिकण्याचे ध्येय अधिक उपयोगी पडते. शिवाय मानसशास्त्रज्ञ गॉलविट्झर यांनी सुचवल्याप्रमाणे प्रसंगाला कृती जोडावी: ‘मेसमधून परतलो, की आधी चुकलेली गणिते सोडवीन.’

प्रश्नकर्ता: वेगाचा मुद्दा पटला. त्याने दरमहा किती गुणवाढ धरली आहे, ते रविवारी विचारतो.