आईचं वजन कुणी मोजलंच नाही, इंजेक्शनचा डोस बरोबर असेल का?

यार्डातला गुळवाला, कोल्हापूर

नमस्कार मंडळी. मी मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी आहे. डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही, पण चार रात्री झोप नाही म्हणून इथं लिहितोय.

आई ५८ वर्षांची, शुगर १२ वर्षांपासून, अंगानं खूप जाड. तीन आठवड्यांपूर्वी इथल्या एका खाजगी दवाखान्यात हर्नियाचं ऑपरेशन झालं, आत जाळी बसवलीय. टाके काढल्यावर चौथ्या दिवशी बेंबीखालून पू यायला लागला. पुवाच्या तपासणीत (कल्चर) एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या अँटिबायोटिकना न जुमानणारा जंतू, निघाला. आधी चालू असलेल्या अँटिबायोटिकपुढं 'आर' आलंय, म्हणजे ते लागू पडत नाही. आता व्हॅन्कोमायसिनचं इंजेक्शन सकाळ-संध्याकाळ १ ग्रॅम, आज पाचवा दिवस. ताप १०१ च्या खाली येत नाही. सिस्टरनी लालपणाच्या कडेनं पेनानं रेघ मारून ठेवली होती, लाली त्या रेघेच्या बाहेर बोटभर सरकलीय.

केसपेपरवर 'वजन अंदाजे ८०' लिहिलंय. मोजताना कुणी दिसलं नाही मला. आम्ही रोज गुळाचे ३० किलोचे रवे हाताळतो, वजनाचा अंदाज हाताला असतो. आईला कुशीवर वळवायला मी आणि मावसभाऊ दोघं लागतो. ८० नक्कीच नाही.

औषध वजनावर ठरतं का? ठरत असेल तर डॉक्टरांना कसं विचारू? माणूस चांगला आहे, रात्री दोनलाही फोन उचलतात, त्यांचं मन दुखवायचं नाही. आणि आई काट्यावर उभी राहत नाही. ११ वर्षांपूर्वी एका शिबिरात कुणीतरी तिचं वजन सगळ्यांसमोर ओरडून सांगितलं, तेव्हापासून नाहीच.

माहेर शाहूपुरी

दादा, मी पुण्यात एका रुग्णालयात क्लिनिकल फार्मसिस्ट आहे. तुमची शंका रास्त आहे, उद्या सकाळच्या राउंडलाच विचारा.

व्हॅन्कोमायसिन खऱ्या वजनावर ठरतं. जाड पेशंटमध्ये पहिला मोठा डोस किलोला २० ते २५ मिलिग्रॅम, मात्र एकूण ३ ग्रॅमच्या वर नाही. आई ११५ भरल्या असं धरू. मग १ ग्रॅम म्हणजे किलोला ९ मिलिग्रॅमसुद्धा नाही. पण पुढचे डोस नुसता गुणाकार करून वाढवत नेता येत नाहीत. हे औषध किडनीतून बाहेर पडतं आणि आईंना १२ वर्षांची शुगर आहे. कमी पडलं तर जंतू तगतो, जास्त झालं तर किडनीला मार बसतो. म्हणून रक्तातली औषधाची लेव्हल तपासायची आणि क्रिएटिनीनवर, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीवर, लक्ष ठेवायचं. पूर्वी डोसच्या आधीची एकच लेव्हल १५ ते २० ठेवायचे. २०२० मध्ये अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचना बदलल्या, आता २४ तासांचा हिशेब, म्हणजे एयूसी, ४०० ते ६०० मध्ये ठेवतात.

सगळ्या औषधांना हेच वजन चालतं असंही नाही. उद्या कुणी अमिकासिन सुरू केलं तर ते चरबीत फारसं जात नाही, ११५ धरून दिलं तर किडनी आणि कान दोन्हींना धोका. तिथं उंचीवरून आदर्श वजन काढतात, पाच फूट दोन इंचाच्या बाईचं साधारण ५०. त्यात जादा वजनाचा ४० टक्के भाग मिळवायचा, ७६ येतं. एकच बाई, एका औषधाला ११५ ची आणि दुसऱ्याला ७६ ची. 'अंदाजे ८०' वर यातलं काहीच बसत नाही.

विचारताना एवढंच म्हणा, 'सर, आईचं वजन मोजून घेऊ आणि लेव्हल पाठवू का?' कुणालाही राग येणार नाही. आणखी एक, पू साचलाय का ते बघायला सांगा. पोटाच्या चरबीत रक्तपुरवठा कमी, औषध तिथं कमी पोहोचतं, आणि जाळीवर जंतूंचा थर बसला की इंजेक्शन एकटं पुरत नाही.

पंचगंगाकाठ

भावा, माझ्या मामाला लिनेझोलिडच्या गोळीनं चार दिवसांत फरक पडला. मेडिकलमध्ये मिळते, घेऊन बघ.

माहेर शाहूपुरी

नको, कृपा करून परस्पर काही देऊ नका. लिनेझोलिड एमआरएसएवर चालतं, ६०० मिलिग्रॅम दोन वेळा, वजन कितीही असो. पण त्यानं प्लेटलेट्स उतरतात, दर आठवड्याला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, करावी लागते. पेशंट नैराश्याच्या गोळ्या घेत असेल तर ते जिवावर बेतू शकतं. ते औषध कधी वापरायचं हे डॉक्टरच ठरवू देत.

रात्रपाळी सिस्टर

उभं राहायची गरजच नाही. सपाट काटा आणा, व्हीलचेअरसकट मोजा, खुर्ची वजा करा. वॉर्ड शांत झाल्यावर, पडदा ओढून. आणि आकडा तोंडानं बोलू नका, कागदावर लिहून सिस्टरकडं द्या. मी असं कितीतरी बायकांना मोजलंय. त्यांना वजनापेक्षा लोकांच्या नजरेची भीती जास्त असते.

यार्डातला गुळवाला, कोल्हापूर

सगळ्यांचे आभार. नऊ दिवसांनी लिहितोय, माफ करा.

दवाखान्यातल्या काट्याचा काटा १२० च्या पुढं जाऊन अडकायचा. मालकांनी रवे मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा टेम्पोत घालून दिला. फडक्यानं तीनदा पुसला तरी गुळाचा वास गेला नाही. रात्री दहाला पडदा ओढून आईला खुर्चीसकट वर घेतलं. तिनं डोळे मिटून घेतले आणि हळूच अंबाबाईचं नाव घेतलं. खुर्ची धरून १३७ आले. मी तोंडातून शब्द काढला नाही, खुर्ची वजा करून चिठ्ठीवर लिहिलं.

सकाळी डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, स्वतःच्या पेनानं ८० वर काट मारली आणि खरा आकडा लिहून सही केली. मला म्हणाले, 'हे पहिल्या दिवशी व्हायला पाहिजे होतं.' मोठा डोस अडीच तासांच्या सलाइनमधून दिला. लेव्हल दोनदा गेली, एकदा डोस वाढवला, एकदा थोडा कमी केला. त्याच दिवशी सोनोग्राफीत पू दिसला, जखम उघडली, वाटीभर निघाला, जाळीचा एक कोपरा कापून काढावा लागला.

ताप पाच दिवसांपासून नाही. लाली रेघेच्या आत आलीय. काल आईनं भाकरी मागितली.

काटा अजून वॉर्डातच ठेवलाय, शेजारच्या खाटेवरच्या ताईंना उद्या मोजायचंय. खुर्ची १९ किलोची आहे, तेवढं वजा करायला विसरू नका.